विश्लेषण : मांस आतपर्यंत शिजलं का? रंग फसवतो, एन्झाइम खरं सांगतं

सीख कबाब बाहेरून करपलेला असतो आणि तोडला तर आतूनही तपकिरी दिसतो. खाणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही वाटतं, माल शिजला. पण मांसाचा रंग बदलणं आणि त्यातले जंतू मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दर वेळी एकाच तापमानाला घडत नाहीत. मग मांस खरंच पुरेसं तापलं होतं, हे नंतर कसं ओळखायचं? याचं एक उत्तर मांसातच दडलेलं आहे. ते म्हणजे एन्झाइम, शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत विकर. हे तंत्र काय आहे, दुधासाठी ते रोज वापरलं जातं तसं मांसासाठी का वापरलं जात नाही आणि नांदेड-लातूरच्या स्वयंपाकघराला त्याचा काय उपयोग, हे समजून घेऊया.

आपल्याकडे 'बीफ' म्हणजे नेमकं काय?

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गोहत्येवर बंदी आहे. मार्च २०१५ मध्ये त्या कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि बैल व वळूही बंदीच्या कक्षेत आले. म्हणजे लातूर जिल्ह्यातल्या देवणी तालुक्याच्या नावाने ओळखली जाणारी देवणी जात असो किंवा नांदेडच्या कंधारची लाल कंधारी, या गोवंशाचं मांस इथल्या कायदेशीर बाजारात येऊ शकत नाही. म्हशीचं मांस मात्र या बंदीत मोडत नाही. त्यामुळे मराठवाड्यात 'बडे का' किंवा 'मोठ्याचं' म्हणून जे कायदेशीररीत्या विकलं जातं, ते म्हशीचं असतं.

परदेशातलं बहुतांश संशोधन गोमांसावर झालेलं आहे. पण पुढे येणारी सगळी एन्झाइम म्हशीच्या मांसातही असतात आणि उष्णतेने त्यांचं तसंच होतं. आकडे थोडे इकडेतिकडे होऊ शकतात, तत्त्व बदलत नाही.

'शिजलं' हे कोण ठरवतं?

स्वयंपाक करणाऱ्यासाठी शिजणं म्हणजे मऊ होणं, हाड सुटणं, चव उतरणं. अन्नसुरक्षेच्या दृष्टीने शिजणं म्हणजे मांसाच्या अगदी मधल्या भागाने ठरावीक तापमान ठरावीक वेळ सोसणं. तापमान आणि वेळ ही जोडी आहे. त्यातलं एकच सांगून चालत नाही.

भारताच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे 'एफएसएसएआय'च्या, हॉटेल-खानावळींसाठीच्या तपासणी यादीत मांसाहारी पदार्थांसाठी तीन पर्याय दिले आहेत. पदार्थाच्या गाभ्यात ६५ अंश सेल्सिअस १० मिनिटं, ७० अंश २ मिनिटं किंवा ७५ अंश १५ सेकंद. हे आकडे नीट पाहिले तर त्यातलं गणित दिसतं. तापमान ५ अंशांनी वाढलं की लागणारा वेळ आधी पाचपट आणि नंतर आठपट घटतो. जंतू मारण्याचा वेग तापमानाबरोबर असा झपाट्याने वाढत जातो. म्हणून दोन-तीन अंशांचा फरकही क्षुल्लक नसतो.

रंगावर विश्वास का ठेवू नये?

मांसाचा लालपणा रक्तामुळे असतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो मायोग्लोबिन या प्रथिनामुळे असतो. स्नायूंमध्ये ऑक्सिजन साठवणं हे त्याचं काम. तापवल्यावर ते बिघडतं आणि मांस तपकिरी होतं. पण ते कोणत्या तापमानाला बिघडेल, हे मांस किती शिळं आहे, हवेशी किती वेळ संपर्क आला, गोठवून पुन्हा वितळवलं आहे का, त्याची आम्लता किती, अशा अनेक गोष्टींवर ठरतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने ग्राहकांना दिलेल्या माहितीनुसार दर चार हॅम्बर्गरपैकी एक सुरक्षित तापमान गाठण्याआधीच आतून तपकिरी दिसू लागतो.

उलटही होतं. कोळशाच्या धगीवर भाजलेलं मांस पूर्ण शिजूनही गुलाबी राहू शकतं, कारण धुरातले वायू मायोग्लोबिनशी जोडले जाऊन रंग पक्का करतात.

म्हशीच्या मांसात मायोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे ते गोमांसापेक्षा मुळातच गडद दिसतं. त्यावर हळद, लाल तिखट आणि काळा मसाला चढला की रंग पाहून काही ओळखण्याची शक्यताच संपते.

एन्झाइम साक्ष कशी देतं?

एन्झाइम हे प्रथिन आहे. पेशीतल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणं हे त्याचं काम. हे काम त्याला त्याच्या घडीमुळे जमतं. प्रथिनाचा लांब धागा एका ठरावीक पद्धतीने दुमडलेला असतो. तापवलं की ही घडी उलगडते. अंड्याचा पारदर्शक पांढरा बलक तव्यावर घट्ट होतो, तेव्हा डोळ्यांसमोर हेच घडत असतं. घडी मोडली की एन्झाइम निकामी होतं आणि मांस थंड झाल्यावर ते सहसा पूर्ववत होत नाही.

प्रत्येक एन्झाइमची उष्णता सोसण्याची मर्यादा वेगळी असते. समजा, एखादं एन्झाइम धोकादायक जंतूपेक्षा किंचित जास्त चिवट आहे. शिजवल्यानंतर ते जिवंत, म्हणजे काम करणारं सापडलं, तर मांस पुरेसं तापलं नव्हतं असा संशय घ्यायला जागा आहे. ते निकामी झालेलं सापडलं, तर त्याच्याआधी मरणारा जंतूही मेला असावा असा निष्कर्ष काढता येतो.

थर्मामीटर त्या क्षणाचं तापमान सांगतो. मांस थंड झालं, डब्यात भरलं, दुसऱ्या गावी गेलं की त्याचा उपयोग संपतो. एन्झाइम मात्र तापमान आणि वेळ या दोन्हींचा हिशेब स्वतःत साठवून ठेवतं. प्रयोगशाळेत दोन दिवसांनी नमुना पोहोचला तरी तो हिशेब वाचता येतो.

दुधात हे तंत्र कधीपासून आहे?

ही कल्पना दुधासाठी सव्वाशे वर्षांपूर्वीच वापरात आली. डेन्मार्कमधल्या व्हिल्हेल्म स्टॉर्च यांनी १८९८ मध्ये पेरॉक्सिडेज या एन्झाइमवर आधारित चाचणी मांडली. दूध ८० अंशांच्या आसपास तापलं होतं का, हे त्यातून कळत असे. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये के आणि ग्रॅहॅम यांनी अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमची चाचणी विकसित केली. आज जगभरातल्या डेअऱ्या तिच्यावर विसंबून आहेत.

पाश्चरायझेशनमध्ये दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात. क्षयाचे जंतू एवढ्याने मरतात. दुधातलं अल्कलाइन फॉस्फेटेज त्यांच्यापेक्षा थोडंसंच जास्त चिवट आहे. म्हणजे निसर्गाने दुधात आयताच साक्षीदार ठेवलेला आहे. दुधात एक रसायन मिसळून कोमट ठेवायचं. एन्झाइम शिल्लक असेल तर ते त्या रसायनाचे तुकडे करतं आणि नमुना पिवळा पडतो. पिवळा पडला तर दूध कमी तापलं किंवा त्यात कच्चं दूध मिसळलं, असं समजायचं. भारतातही पाश्चराइज्ड दूध या चाचणीत 'निगेटिव्ह' आलंच पाहिजे, असा नियम आहे. लातूर जिल्ह्यात उदगीरला दुग्धतंत्रज्ञान आणि पशुवैद्यक अशी दोन्ही महाविद्यालयं आहेत. दुग्धतंत्रज्ञान शिकणाऱ्यांसाठी ही चाचणी अगदी ओळखीची असते.

मांसासाठी कोणती एन्झाइम तपासतात?

मांसातला साक्षीदार शोधणं जास्त अवघड ठरलं. हंगेरीतल्या संशोधकांनी १९६० च्या सुमारास डबाबंद डुकराच्या मांसासाठी अ‍ॅसिड फॉस्फेटेज हे एन्झाइम वापरून पाहिलं. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळांनीही ही पद्धत स्वीकारली. ६८-६९ अंशांच्या आसपास शिजवलेल्या मालासाठी ती उपयोगी ठरते. त्यात शिल्लक एन्झाइम असेल तर निळा रंग येतो आणि रंगाची तीव्रता यंत्रावर मोजली जाते.

कमी शिजवलेल्या, आतून लालसर ठेवल्या जाणाऱ्या गोमांसासाठी कॅटलेज हे एन्झाइम तपासलं जातं. कॅटलेज हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. जखमेवर पेरॉक्साइड टाकल्यावर येणारा फेस याच एन्झाइमचा असतो. मांसाच्या अर्कात पेरॉक्साइड टाकून फेस आला, तर ते सुमारे ६३ अंशांपर्यंतही पोहोचलं नव्हतं, असा अर्थ काढतात.

तिसरा गट स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या एन्झाइमचा आहे. लॅक्टेट डिहायड्रोजनेज आणि ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज ही त्यातली दोन नावं. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत १९९० च्या दशकात या दोन्हींवर बरंच काम झालं. त्यातलं दुसरं एन्झाइम विशेष उपयोगी दिसलं. खिम्यात ते ७१ अंशांच्या आसपास निकामी होतं आणि तापमान वाढल्यावर त्याचा नाश ज्या प्रमाणात वेग घेतो, ते प्रमाण साल्मोनेला आणि घातक ई. कोलाय या जंतूंच्या जवळ जाणारं आहे. साक्षीदार जंतूच्या पावलावर पाऊल टाकत चालला, तरच साक्ष भरवशाची.

१९९३ मध्ये असं काय घडलं?

हे संशोधन अचानक महत्त्वाचं होण्यामागे एक दुर्घटना आहे. १९९३ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत 'जॅक इन द बॉक्स' या साखळी हॉटेलातले हॅम्बर्गर खाऊन ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ४ मुलांचा मृत्यू झाला. कारण होतं ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू. त्याच्या विषामुळे लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. वॉशिंग्टन राज्याच्या नियमाप्रमाणे खिमा ६८.३ अंशांपर्यंत तापणं आवश्यक होतं. साखळीत मात्र ६० अंशांचा जुना संघीय निकष पाळला जात होता.

८ अंशांचा फरक काय करू शकतो, हे जगाला तेव्हा कळलं. १९९४ मध्ये अमेरिकेने हा जंतू असलेला कच्चा खिमा थेट 'भेसळयुक्त' ठरवला. घरगुती स्वयंपाकासाठी खिम्याला ७१.१ अंश हा आकडा सांगितला जाऊ लागला. अखंड तुकड्यांसाठी मात्र तिथे आजही ६२.८ अंश आणि त्यानंतर ३ मिनिटं थांबणं पुरेसं मानलं जातं.

खिमा आणि तुकडा यांत इतका फरक का? जनावर कापताना आतड्यातले किंवा कातड्यावरचे जंतू मांसाच्या पृष्ठभागावर लागतात. तुकडा भाजला की पृष्ठभाग सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त तापतो. खिमा करताना हाच पृष्ठभाग आत मिसळला जातो आणि बाहेरचे जंतू थेट गाभ्यात जाऊन बसतात.

मग मराठवाड्यात धोका नेमका कुठे?

इथली जुनी पद्धत मांस दीर्घकाळ शिजवण्याची आहे. रस्सा तासन्‌तास उकळतो किंवा कुकरच्या शिट्ट्या होतात. मराठवाड्याच्या पठारावर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या जवळ जातं. तुकडे लहान असतील आणि हाडापासून मऊ सुटत असतील, तर वर सांगितलेली सगळी एन्झाइम केव्हाच संपलेली असतात.

शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित समाजांची खाद्यसंस्कृती नोंदवलेली आहे. मांसाच्या पट्ट्या वाळवून ठेवण्याची, म्हणजे चान्यांची पद्धत याच संस्कृतीतली. इथे एक बाब लक्षात ठेवायला हवी. वाळवणं म्हणजे शिजवणं नव्हे. पाणी उडाल्याने जंतूंची वाढ थांबते, पण सगळे जंतू मरत नाहीत. कित्येक एन्झाइमही कोरड्या अवस्थेत टिकून राहतात. गोठवण्याचंही तसंच. त्यामुळे वाळवलेलं असो वा फ्रीजरमधलं, नंतर नीट उकळणं टळत नाही.

खरा धोका झटपट प्रकारांत आहे. सीख कबाब, तव्यावरचा खिमा, जाड टिक्की, धगीवर भाजलेले मोठे तुकडे. इथे बाहेरची आच प्रचंड असते आणि वेळ कमी. बाहेरून करपून आतून ६० अंशही न गाठणं सहज शक्य आहे. गर्दीच्या वेळी हे जास्त होतं, कारण सळई उतरवण्याची घाई असते. लहान मुलं, गरोदर महिला, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना याचा फटका सर्वाधिक बसतो.

ही चाचणी इथे का होत नाही?

कारणं तीन आहेत. पहिलं, दूध द्रव आहे. ते पाइपमधून वाहताना सगळीकडे सारखं तापतं. मांसाचा एकच तुकडा कडेला ८० आणि मध्ये ६० अंशांवर असू शकतो. नमुना कुठून घेतला यावर निकाल बदलतो.

दुसरं, मांसातल्या एन्झाइमची मूळ पातळीच स्थिर नसते. जनावराची जात, वय, कोणता स्नायू, गोठवलं होतं का, मीठ-मसाला किती, या सगळ्यांनी ती बदलते. दुधाप्रमाणे 'एवढ्याच्या खाली पास' अशी एक रेषा आखणं कठीण जातं.

तिसरं, खर्च. चांगल्या चाचण्यांना प्रतिपिंडांवर चालणारी किट, यंत्र आणि प्रशिक्षित माणूस लागतो. हजारो पाकिटं बनवणाऱ्या कारखान्याला ते परवडतं, हातगाडीला नाही. अमेरिकेसारख्या देशातही लाळ्या-खुरकत असलेल्या देशांतून येणाऱ्या शिजवलेल्या गोमांसासाठी गाभ्यात ७९.४ अंश ही अट आहे आणि तिथे तापमानाच्या नोंदीबरोबर तुकडा कापून गुलाबी रस येतो का, हे पाहण्याची साधी पद्धतही नियमांत राहिली आहे.

घरी पेरॉक्साइड टाकून पाहता येईल का?

प्रयोग म्हणून येईल, सुरक्षिततेचा दाखला म्हणून नाही. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब कच्च्या मांसाच्या छोट्या तुकड्यावर टाकले तर भरपूर फेस येतो. नीट उकळलेल्या तुकड्यावर तो येत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला एन्झाइम समजावण्यासाठी हे उत्तम आहे.

पण फेस आला नाही म्हणजे मांस सुरक्षित, असं म्हणता येत नाही. कॅटलेज साधारण साठीच्या घरातच निकामी व्हायला लागतं आणि खिम्याला त्यापेक्षा बरंच जास्त तापमान हवं असतं. उलट कच्चा कांदा, कोथिंबीर आणि अनेक जंतूंमध्येही कॅटलेज असतं. त्यामुळे पूर्ण शिजलेल्या कबाबावर कांद्याचा रस लागला असेल तरी फेस येईल. आणि पेरॉक्साइड टाकलेला तुकडा खायचा नाही, तो फेकून द्यायचा.

एन्झाइम काय सांगत नाही?

एन्झाइम चाचणी फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर देते. मांस पुरेसं तापलं होतं का? ते कोणत्या जनावराचं आहे, हे या चाचण्या सहसा ठरवत नाहीत. त्यासाठी डीएनए तपासणी लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत अशी ओळख पटवण्याची सोय आहे. शिजवल्यावर एन्झाइमची घडी मोडते, पण डीएनएचे तुकडे वाचण्याजोगे उरतात, म्हणून शिजवलेल्या मांसाचीही ओळख पटू शकते.

शिजवल्यानंतर काय झालं, हेही एन्झाइम सांगत नाही. काही जंतू बीजाणूंच्या रूपात उकळी सोसतात. दुपारी उतरवलेलं पातेलं मे महिन्यात रात्रीपर्यंत तसंच राहिलं, तर ते पुन्हा वाढतात. काही जंतूंनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. लग्नाच्या किंवा कंदुरीच्या जेवणातून होणाऱ्या विषबाधेमागे अनेकदा कच्चेपणापेक्षा हे साठवणंच असतं.

मग करायचं काय?

सर्वांत स्वस्त आणि भरवशाचं साधन म्हणजे टोकदार दांडीचा डिजिटल थर्मामीटर. तो काहीशे रुपयांत मिळतो. वापरण्याची पद्धत अशी :

• टोक तुकड्याच्या सर्वांत जाड भागात, मध्यभागी जायला हवं. हाडाला टेकवू नये.
• सीख कबाबात तो बाजूने नव्हे, तर टोकाकडून लांबीत घालावा.
• खिमा, कबाब, टिक्की यांच्या गाभ्यात ७५ अंश दिसले तर १५ सेकंद थांबून उतरवावं. ७० अंशच गाठले असतील तर तिथे २ मिनिटं टिकवावेत.
• प्रत्येक मोजणीनंतर दांडी गरम पाण्याने धुवावी. कच्च्यातून काढून शिजलेल्यात घातली तर जंतू आपणच पोहोचवतो.
• थर्मामीटर नसेल तर कबाब बारीक ठेवावेत आणि मोठे तुकडे आधी उकडून मग भाजावेत.
• उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावं. कडक उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. खाताना वाफ येईपर्यंत पूर्ण गरम करावं.

हॉटेलचालकांसाठी तपमानाची नोंदवही ठेवणंही फायद्याचं. तक्रार आली तर 'आम्ही नीट शिजवतो' या वाक्यापेक्षा तारीख, वेळ आणि अंश लिहिलेलं पान जास्त उपयोगी पडतं. ग्राहकानेही कबाब तोडून पाहताना रंगाऐवजी वाफ पाहावी. मधोमध गार किंवा कोमट लागला, तर परत शेकायला सांगण्यात संकोच करू नये.